श्रद्धा आणि साक्ष : सिनाईच्या मठातील एक जुनी पोथी

धर्माचा विषय निघाला की आपल्यापैकी पुष्कळजणी हात जोडून मोकळ्या होतात, आणि घरातील शिकलेली मुले ‘पुरावा काय?’ असे विचारून मोकळी होतात. दोघांनाही पुढे बोलायचे नसते. परंतु जगात एक असा धर्म आहे की, ज्याच्या आरंभकाळाविषयी हा वाद गेली अठराशे वर्षे सतत चालू आहे. त्यात भाविकांनी लिहिले, विरोधकांनी लिहिले, राजांच्या अधिकाऱ्यांनी लिहिले, आणि अलीकडे संशोधकांनी तर कपाटेच्या कपाटे भरतील इतके लिहिले. तो म्हणजे ख्रिस्ती धर्म. त्याच्या पहिल्या काळाचा पुरावा कोणता, आणि श्रद्धेने त्या पुराव्याशी कसे वागावे, याविषयी चार गोष्टी यंदाच्या स्मरणिकेत मांडाव्यात असे मनात आहे. कोणाचा धर्म खरा, हे ठरविण्याचा हा खटाटोप नव्हे. माझ्या भगिनींना यात विशेष गोडी वाटेल असे वाटते, कारण या वादात पहिल्यापासून शेवटपर्यंत बायकाच उभ्या आहेत.

प्रथम साधी हकिगत. येशू ख्रिस्ताला जेरुसलेम शहरात, इसवी सन ३० च्या सुमारास, पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या हुकुमाने क्रूसावर चढविण्यात आले. स्वतः येशूने लिहिलेले काहीही उरलेले नाही. त्याच्याविषयीचे आज हाती असलेले सर्वांत जुने लिखाण म्हणजे पौलाची पत्रे. ती इसवी सन ५० ते ६० च्या दरम्यानची, म्हणजे मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांनी लिहिलेली आहेत. चार शुभवर्तमानांपैकी मार्काचे सर्वांत जुने, ते सन ७० च्या सुमाराचे मानतात. मत्तय, लूक व योहान त्यानंतरचे. म्हणजे मधला काळ तोंडी आठवणींचा. आपल्या घरातली थोरल्या आजेसासूबाईंची गोष्ट जशी सुनेकडून नातसुनेकडे येते, तशीच ही आठवण आली. अशा आठवणीत खरे किती, भर किती, हा प्रश्न कोणीही विचारणारच.

मग भाविकांखेरीज इतर कोणी काही लिहून ठेवले आहे काय? आहे, पण थोडके. टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकाराने सन ११६ च्या सुमारास लिहिले की, सन ६४ मध्ये रोम शहराला मोठी आग लागली, तेव्हा नीरो बादशहाने त्याचा आळ ख्रिस्ती लोकांवर घातला व त्यांचे अतोनात हाल केले. हे नाव ज्याच्यावरून पडले त्या ख्रिस्ताला तिबेर्य बादशहाच्या कारकिर्दीत पिलाताने देहान्त शिक्षा दिली होती, असेही तो सांगतो. टॅसिटसला या पंथाचा तिटकारा होता. म्हणूनच त्याच्या साक्षीला वजन आहे. जो आपला नव्हे, तो आपल्या बाजूने उगाच कशाला बोलेल?

दुसरी साक्ष प्लिनी या अधिकाऱ्याची. आजच्या तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या काठी बिथिनिया नावाचा प्रांत होता, तेथे तो सुभेदार होता. सन ११२ च्या सुमारास त्याने ट्राजन बादशहाला पत्र लिहून विचारले की, या ख्रिस्ती लोकांचे करावे काय? ते ठराविक दिवशी पहाटे उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव समजून स्तोत्र म्हणतात, चोरी, व्यभिचार व विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात, आणि पुढे एकत्र बसून साधे जेवण करतात. हे खरे की खोटे ते काढण्यासाठी प्लिनीने दोन दासींना पकडून त्यांचा छळ केला. त्या दासींना त्या मंडळीत ‘सेविका’ असा मानाचा हुद्दा होता. त्यांच्या तोंडून गुन्ह्यासारखे काहीच निघाले नाही, निव्वळ वेडगळ समजूत तेवढी आढळली, असे तो लिहितो. त्या दोघींची नावे त्याने नोंदवली नाहीत. पुढे त्यांचे काय झाले तेही लिहिले नाही. ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या उपासनेविषयी परक्याने लिहिलेली ही इतकी मोलाची माहिती, आणि ती अंशतः दोन बिननावाच्या मोलकरणींच्या वेदनेतून आलेली आहे. पत्र वाचणाऱ्या किती पंडितांनी क्षणभर थांबून त्यांचा विचार केला असेल, असे मनात येते.

आता तिसऱ्या साक्षीकडे वळू, कारण माझ्या सांगण्याचा मुद्दा तेथेच आहे. जोसीफस हा यहुदी इतिहासकार. त्याने सन ९३-९४ च्या सुमारास यहुदी लोकांचा मोठा इतिहास लिहिला. त्यात येशूचा दोनदा उल्लेख येतो. एके ठिकाणी ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ याकोब’ एवढेच ओझरते बोलणे आहे, आणि ते खरे आहे असे बहुतेक विद्वान मानतात. दुसरा उतारा मोठा आहे. त्यात येशू हाच ख्रिस्त होता, तो तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला, असे स्पष्ट म्हटले आहे. जोसीफस तर शेवटपर्यंत यहुदीच राहिला. मग त्याने असे कसे लिहिले? पुष्कळ संशोधकांचे मत असे की, मूळचा उतारा लहान व साधा असावा, आणि पुढे नक्कल करणाऱ्या कोणा भाविकाने त्यात आपल्या पदरची वाक्ये घातली. त्या बिचाऱ्याला वाटले असेल की आपण धर्माची सेवा करतो आहोत. पण झाले काय, तर मूळची चांगली साक्षसुद्धा संशयात पडली. दुधात पाणी घातले की ते पाणी वेगळे काढता येत नाही, आणि सगळ्याच दुधाचा भाव जातो, तसेच हे.

काही वेळा पुरावा जमिनीतून वर येतो. सन १९६१ मध्ये इस्रायलमधील कैसरिया या जुन्या बंदराच्या अवशेषांत इटालियन संशोधकांना एक दगड सापडला. त्यावर पिलाताचे नाव आणि हुद्दा कोरलेला आहे. तोवर पिलात पुस्तकांतच होता, आता तो दगडावरही आला. भाविकांना आनंद झाला. पण हा दगड काय सांगतो तेही नीट पाहिले पाहिजे. पिलात होता, हे तो सांगतो. येशू मरणातून उठला की नाही, याविषयी दगड बोलत नाही. आज बहुतेक इतिहासकार, ते कोणत्याही धर्माचे असोत, येशू हा खरोखर होऊन गेला व त्याला क्रूसावर मारले, हे मान्य करतात. त्यापुढची गोष्ट श्रद्धेची आहे.

त्या पुढच्या गोष्टीत पुन्हा बायका येतात. येशूला ठेवलेल्या गुहेकडे सकाळी गेल्या त्या बायका, आणि गुहा रिकामी दिसली तीही त्यांनाच. चारही शुभवर्तमानांत मग्दालीया मरीयेचे नाव आहे. सन १७७ च्या सुमारास सेल्सस नावाच्या एका ग्रीक पंडिताने ख्रिस्ती धर्माविरुद्ध पुस्तक लिहिले. त्याने थट्टा केली की, हे पाहिले कोणी, तर एका भ्रमिष्ट बाईने! शिवाय हा धर्म बायका, पोरे आणि गुलाम यांचा, असा त्याचा टोमणा होता. त्यानंतर सत्तरेक वर्षांनी ऑरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने त्याला मुद्देसूद उत्तर दिले. आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडून मग त्याचे खंडन करतात, तशीच त्याची पद्धत होती. सेल्ससचे पुस्तक नाहीसे झाले. त्याचे जे शब्द आज उरले आहेत ते ऑरिजेनने आपल्या ग्रंथात उतरवून घेतले म्हणून. आपल्याकडे चार्वाकाचे मतही बहुतांशी त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतूनच कळते. विरोधकाचे म्हणणे न मोडता-तोडता मांडणे, हीसुद्धा एक प्रामाणिक सेवाच आहे.

बायकांच्या या साक्षीवर आजही दोन बाजू आहेत. एक बाजू म्हणते, त्या काळी यहुदी समाजात बाईची साक्ष कमी प्रतीची मानीत. गोष्ट रचायची असती तर कोणीही पुरुष साक्षीदार घातले असते. ज्याअर्थी बायकाच आहेत, त्याअर्थी आठवण खरी असली पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, पौलाने सर्वांत आधी लिहिलेल्या यादीत येशू कोणाकोणाला दिसला त्यांची नावे आहेत, पण त्यात एकाही बाईचे नाव नाही. तेव्हा रिकाम्या गुहेची गोष्ट मागाहूनची असेल. शिवाय मृतदेहाला सुगंधी द्रव्ये लावणे हे बायकांचेच काम, म्हणून गोष्टीत त्या येणे साहजिकच. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. निकाल देणे आपले काम नाही, पण वाद कोठे आहे ते आपल्याला समजले पाहिजे.

मार्काच्या शुभवर्तमानात आणखी एक नवल आहे. आज छापील प्रतीत त्याच्या शेवटी येशू शिष्यांना भेटल्याचा मजकूर असतो. परंतु चौथ्या शतकातील दोन सर्वांत जुन्या संपूर्ण ग्रीक पोथ्यांत तो नाही. तेथे गोष्ट अशी संपते की, त्या बायका घाबरून गुहेपासून पळाल्या आणि भीतीमुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या १२ ओव्या, त्यांना ते वचने म्हणतात, कोणीतरी मागाहून जोडल्या असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. अर्धवट वाटणारी गोष्ट गोड करण्याचा मोह कोणाला झाला असेल ते समजते. पण मूळ लेखकाने ती तशी सोडली होती, हेही आपल्याला कळायला हवे ना?

हे कळण्यास ज्या एका पोथीची मोठी मदत झाली, ती दोन बायकांनी उजेडात आणली. स्कॉटलंडमधील आयर्विन गावी सन १८४३ मध्ये अ‍ॅग्नेस आणि मार्गारेट या जुळ्या बहिणी जन्मल्या. जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत आई गेली. वडील वकील. त्यांनी मुलींना भाषांची गोडी लावली, आणि पुढे त्यांच्यामागे मोठी संपत्तीही मुलींना मिळाली. दोघींची लग्ने उशिरा झाली व दोघींनाही थोड्याच वर्षांत वैधव्य आले, मार्गारेटबाईंना १८८६ मध्ये व अ‍ॅग्नेसबाईंना १८९१ मध्ये. दुःख विसरायला अ‍ॅग्नेसबाईंनी सुरियानी भाषा शिकायला घेतली. येशू जी अरामी भाषा बोलत असे, तिचीच ही सख्खी बहीण म्हणावी. तेव्हा त्यांचे वय जवळजवळ पन्नाशीचे होते. आपल्याकडे या वयात बाई म्हणते, ‘आता काय शिकायचे राहिले आमचे?’

सन १८९२ च्या आरंभी या दोघी सुएझहून उंटांवर बसून वाळवंटातून नऊएक दिवसांचा प्रवास करीत सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरिनच्या मठात गेल्या. हा मठ सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने बांधविला. पूर्वी याच मठातून टिशेनडोर्फ नावाच्या जर्मन पंडिताने १८५९ मध्ये फार जुनी ग्रीक पोथी रशियाला नेली होती आणि ती परत आली नाही, म्हणून तेथील साधू परक्या माणसांविषयी सावध असत. या बहिणींनी काहीही नेण्याचे मनात आणले नाही. त्या साधूंशी त्यांच्या ग्रीक भाषेत गोडीने बोलल्या, आणि आधी शिकून घेतलेल्या कॅमेऱ्याने पानांचे फोटो काढले.

तेथे अ‍ॅग्नेसबाईंच्या हाती एक मळकट पोथी आली. पाने एकमेकांना चिकटलेली होती. आपण पाकिटावरचे तिकीट किटलीच्या वाफेवर धरून सोडवितो, तशीच त्यांनी किटलीच्या वाफेने ती पाने सोडविली. वरचा मजकूर सातव्या-आठव्या शतकातला, योहान नावाच्या एका साधूने लिहिलेला, साध्वी स्त्रियांच्या चरित्रांचा. पण त्याखाली पुसट अशी दुसरी अक्षरे दिसत होती. त्या काळी चर्मपत्र महाग, म्हणून जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहीत. ओल्या फडक्याने पाटी पुसली तरी उजेडाकडे तिरपी धरल्यावर आधीची बेरीज दिसते, तसा हा प्रकार. खालची अक्षरे होती चार शुभवर्तमानांची. केंब्रिजला फोटो पाहून बर्किट व बेन्सली या विद्वानांनी ओळखले की, हे सुरियानी भाषेतील अत्यंत जुने भाषांतर आहे. खालची नक्कल चौथ्या-पाचव्या शतकातली आणि भाषांतर तर त्याहूनही जुने. १८९३ मध्ये सर्वजण पुन्हा सिनाईला गेले. पुसट अक्षरांवर उग्र वासाचे रसायन लावून ती वर आणली, पान पान उतरवून घेतले, आणि १८९४ मध्ये पुस्तक छापले. शोधाचे श्रेय कोणाचे यावरून बरीच कुरबुर झाली, तो भाग वेगळा. या पोथीतही मार्काची गोष्ट घाबरलेल्या बायकांपाशीच संपते. साध्वींच्या चरित्रांखाली दडलेली ही साक्ष दोन बहिणींच्या हातून बाहेर यावी, हा योग मोठा मजेचा आहे.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. मत्तयाच्या आरंभी येशूची वंशावळ आहे. ख्रिस्ती श्रद्धा अशी की, येशूचा जन्म कुमारी मरीयेच्या पोटी झाला, योसेफ त्याचा जन्मदाता पिता नव्हे. या पोथीत मात्र वाक्य असे निघाले की, ज्याच्याशी कुमारी मरीयेची सोयरीक झाली होती त्या योसेफापासून येशू झाला. झाले! इंग्लंडमधल्या नियतकालिकांत वादाची धूळ उडाली. एक पक्ष म्हणाला, पाहा, सर्वांत जुनी समजूत हीच होती. दुसरा म्हणाला, याच पोथीत मरीयेला कुमारी म्हटले आहे व पुढे अद्भुत जन्माची हकिगतही आहे, तेव्हा वंशावळीतील पिता हा फक्त कायद्याचा पिता. आपल्याकडे दत्तक मुलाचे नाव नाही का वंशावळीत बापाखाली घालीत?

अ‍ॅग्नेसबाई नेमाने प्रार्थनेला जाणाऱ्या, बायबलवर अढळ श्रद्धा असलेल्या बाई. ते एक वाक्य त्यांना सोयीचे नव्हते. खरवडलेल्या पोथीतील एखादे अक्षर ‘लागत नाही’ म्हणून सोडून देणे किती सोपे होते! परंतु जे दिसले ते त्यांनी जसेच्या तसे छापले, इंग्रजी भाषांतरातही तसेच ठेवले, आणि शंकेच्या जागा पुन्हा तपासण्यासाठी १८९५ मध्ये परत सिनाई गाठले. श्रद्धा सोडली नाही आणि पुरावा झाकलाही नाही. त्या राहत होत्या केंब्रिजला, पण त्या विद्यापीठाने १९४८ पर्यंत कोणाही स्त्रीला पूर्ण पदवी दिली नव्हती. पुढे हाले, सेंट अँड्र्यूज, हायडेलबर्ग व डब्लिन येथील विद्यापीठांनी त्यांना सन्मानाच्या पदव्या दिल्या. मार्गारेटबाई १९२० मध्ये आणि अ‍ॅग्नेसबाई १९२६ मध्ये वारल्या. सातवीवर शाळा सुटलेल्या माझ्यासारखीला या बहिणींची हकिगत वाचून किती धीर आला, ते काय सांगू!

सुरियानी भाषेचा आपल्या देशाशीही संबंध आहे. केरळातील जुन्या ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत ती भाषा आजही ऐकू येते. येशूचा शिष्य थोमा इसवी सन ५२ मध्ये त्या किनाऱ्यावर उतरला, अशी त्यांची परंपरा आहे. तिसऱ्या शतकातील ‘थोमाची कृत्ये’ या सुरियानी ग्रंथात थोमा हिंदुस्थानात गोंडोफर्नीस राजाकडे आला असे लिहिले आहे. या राजाचे नाव लोक विसरले होते. एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे त्याची नाणी सापडली. राजा खरा ठरला. पण राजा खरा म्हणून थोमाचे येणे आपोआप सिद्ध होत नाही. पिलाताच्या दगडाचाच न्याय येथेही लावला पाहिजे. सन ५५० च्या सुमारास मात्र कॉस्मस नावाच्या ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, मलबारात ख्रिस्ती लोक आहेत आणि ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला धर्मगुरू आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले ठाण्याजवळचे कल्याण, असे पुष्कळ विद्वान समजतात. म्हणजे पोर्तुगीज येण्यापूर्वी सुमारे साडेनऊशे वर्षे आपल्या कोकणपट्टीत ख्रिस्ती वस्ती होती असे दिसते.

आणि पंडिता रमाबाईंना कसे विसरता येईल? जन्म १८५८, बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात. ख्रिस्ती झाल्यावरही ‘गुरू सांगतात म्हणून मान हलवा’ हे त्यांना जमले नाही. तेथील धर्मभगिनींशी त्यांनी पत्रांतून निकराचा वाद घातला, आणि आपल्या बुद्धीला व मनाला पटेल तेच मानीन असा आग्रह धरला. उतारवयात केडगावला मुक्तिसदनात बसून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, साध्या बायकांना कळावे म्हणून. १९२२ मध्ये त्या वारल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाला. अनाथ व विधवा मुलींच्या हातून त्यांच्याच छापखान्यात हे काम झाले. मूळ शब्द काय आहे ते आपल्या डोळ्यांनी पाहावे, ही ओढ सिनाईच्या त्या बहिणींची होती, तीच रमाबाईंची.

भगिनींनो, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती लिहिता लिहिता त्यात चुका व भर पडली, तेव्हा शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी अनेक प्रती ताडून पाठ शुद्ध केला, आणि यात कोणी आपली ओवी घालू नये अशी तंबी दिली. नाथांहून मोठा भक्त कोण? पण भक्ती होती म्हणूनच त्यांना मूळ शब्दाची काळजी होती. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये झाली हे ग्रंथातच लिहिले आहे, तो इतिहास. माउलींनी भिंत चालविली, ती श्रद्धा. दोन्ही एकाच देव्हाऱ्यात सुखाने राहू शकतात, फक्त एकीचे नाव दुसरीला देऊ नये.

म्हणून शेजारच्या ख्रिस्ती बाईंशी असो, की घरातल्या तर्कट मुलाशी असो, धर्माचा विषय निघाला तर दोनच नियम पाळावेत असे मला वाटते. आपल्या बाजूचे म्हणून पुराव्यात पदरचे घालू नये, आणि अडचणीचे म्हणून त्यातले काही झाकू नये. एवढे पाळूनही जी श्रद्धा उरते ती आपली. तिला कोणाच्या प्रश्नाचे भय बाळगण्याचे कारण नाही, आणि आपणही कोणाच्या प्रश्नावर रागावण्याचे कारण नाही.